पिवळी नळी

१९ नोव्हेंबर १९८६, बुधवार

यंत्र एकदाचं उभं राहिलं. आठ इंची आरसा, पत्र्याचं नळकांडं, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि औरंगाबादच्या सरांनी "फुटला तर तोंड दाखवू नकोस" असं बजावून दिलेला फोटोमल्टिप्लायर, म्हणजे मंद प्रकाश मोजणारा काचेचा डोळा. एवढं सगळं क्वार्टरच्या स्लॅबवर चढवताना पाठीचं भुस्काट झालं. शेजारच्या केशरबाई खालून बघत होत्या. "पान्याची टाकी बसवायलाव का?" म्हणाल्या. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. साहजिक आहे.

सर म्हणाले होते, आकडे एका वहीत लिही आणि मनातलं दुसऱ्या, दोन्हीची खिचडी करू नको. ही मनातली वही.

तर मनातलं असं. एम.एस्सी. फिजिक्स होऊन मी साखर कारखान्यात सीझनपुरता लॅब केमिस्ट आहे. म्हणजे ऊस आहे तोवर पगार. यंदाच्या दुष्काळात ऊस आहे कुठं? पट्टा जानेवारीतच पडणार म्हणतात, म्हणजे गाळप बंद आणि आम्ही घरी. धाराशिवच्या एका कॉलेजात जूनमध्ये फिजिक्सची जागा निघणार आहे. सर शब्द टाकतील, पण त्यांनी साफ सांगितलंय, जानेवारीतल्या चर्चासत्रात काहीतरी काम दाखव, नाहीतर माझ्याकडं येऊ नको.

ते 'काहीतरी' म्हणजे ययाती या तारकासमूहातला एक तारा. नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. खरं तर ते जोडपं आहे. एक मोठा, गरम तारा, आणि त्याच्याभोवती फिरणारा दुसरा, मेलेला, आकारानं एखाद्या शहराएवढा आणि वजनानं सूर्याहून भारी. मोठ्याचा वायू धाकट्यावर पडतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. ते जमिनीवर पोचत नाहीत, त्याला उपग्रह लागतो. पण मोठ्याचा प्रकाश पोचतो, आणि भोवतालच्या वायूवर आपटून आल्यामुळं त्यातला थोडासा भाग एकाच दिशेत कंप पावतो. ती दिशा मी मोजणार. जोडपं फिरेल तशी दिशा डुलली पाहिजे. फेरा किती दिवसांचा, हे अजून कुणाला पक्कं ठाऊक नाही. मला सापडला तर!

उद्गारचिन्ह देऊन ठेवलंय. बघू.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

निळा प्रकाश अडवायला पिवळी काच हवी होती. परदेशी काच आपल्याला कुठली मिळायला? लॅबचे मुख्य तात्याराव म्हणाले, "काच कशाला हुडकतो महालिंग? आपल्या पोलारीमीटरलाबी डायक्रोमेटचंच पानी असतंय की. ही घे जुनी नळी, टोपणाला टवका गेलाय, भंगारातच निघाली असती." वीतभरही नाही, दोन्ही तोंडांना काच, बाजूला भरायचं पितळी टोपण. उसाच्या रसात साखर किती हे ज्या नळीतून रोज बघतो, तिचीच धाकटी बहीण. पोटॅशियम डायक्रोमेट विरघळवून भरलं. काय नारिंगी पिवळा रंग! आरशावरून आलेला प्रकाश आधी या नळीतून जाणार, मग फिरत्या पोलरॉइडमधून, मग फोटोमल्टिप्लायरवर. अगदी बेतानं बसली.

"हातबीत धू बरं," तात्याराव म्हणाले, "जहर हाय ते."

२३ नोव्हेंबर, रविवार

रविवार म्हणजे टँकर. सकाळपासून कॉलनीत घागरींची रांग. आठवड्याचं पाणी एका दिवसात भरायचं.

संध्याकाळी माझी बायको पार्वती वर आली. मी काय करतो हे तिला नीट समजावून सांगितलं. पोलरॉइड म्हणजे खिडकीचे गज समज. लाटणं उभं धरलं तर गजांतून बाहेर जातं, आडवं धरलं तर अडकतं. गज फिरवत राहायचं आणि लाटणं कसं येतंय ते ओळखायचं. तिला लगेच कळलं. मग म्हणाली, "आन् हे पिवळं काय?"

मी सांगितलं. जहर म्हटल्यावर तिनं इरूला कडेवर घेतलं. आमची पोर तीन वर्षांची, माझ्या आईचं इरम्मा नाव ठेवलंय, आणि आईसारखीच सगळीकडं हात घालते. नळी दिवसा उन्हात ठेवून चालत नाही, पाणी आटतं, म्हणून मी ती खाली आणून माठाशेजारच्या फळीवर ठेवतो. घरात तेवढीच थंड जागा आहे.

"अवं, ती हितं नगं. लेकरू हाय घरात. लॅबात ठिवा."

रोज कोण लॅबातून नेआण करणार? बघू म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

आकाश स्वच्छ. रोज रात्री जेवणाआधी दोन तास मोजतो. तारा ढिम्म हलत नाही. दिशा होती तिथंच आहे, एका अंशाचाही फरक नाही. असलाच तर तो माझ्या सुईचा थरथराट. चर्चासत्रात काय सांगू? "नमस्कार, तारा हलला नाही, धन्यवाद"?

४ डिसेंबर, गुरुवार

टोपणातून गळती. इरूच्या झबल्यावर पिवळा डाग. पार्वतीनं झबलं चुलीत घातलं आणि पोरीचे हात साबणानं इतके घासले की पोरगी रडायला लागली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्या तुमास्नी सांगितलं व्हतं. हे घरातनं न्या."

"टोपणाला वायसर बसवतो."

"वायसर नगं. न्या म्हंते."

"बरं बरं." आज तारा नीट सापडला होता आणि ढगाचा एक पुंजका येत होता, मी घाईत होतो. वायसर बसवला. आता थेंबही गळत नाही.

तिचं चूक नाही. पण रोज रोज तेच! माझ्या डोक्यावर काय टांगलंय हे हिला कळत नाही असं नाही, तरीही.

८ डिसेंबर, सोमवार

हलला!

तीनदा मोजलं. पोलरॉइड काढून पुन्हा बसवला, पुन्हा मोजलं. दिशा तब्बल दहा अंशांनी फिरलीय. काल पाहिला नव्हता, परवापर्यंत जागेवर होता. ज्याच्या प्रकाशाला दिशाच नसते असा एक साधा तारा तपासणीला घेतला, तो शून्य म्हणजे शून्यच दाखवतो. यंत्र निर्दोष आहे.

शिडीवरून उतरताना शेवटच्या पायरीवरून पडलो. पार्वतीला म्हटलं, हलला गं! ती भाकरी थापत होती. "मग बरंच की," म्हणाली आणि खरंच हसली. बऱ्याच दिवसांनी. दुसरी भाकरी तव्यावर टाकताना म्हणाली, "आता तरी वेळेवर जेवचाल."

तिनं नळीचा विषय काढला नाही. नळी फळीवर जागच्या जागी होती. पटलं असावं तिला.

११ डिसेंबर, गुरुवार

दिशा मागं यायला लागलीय. काल सहा अंश, आज जेमतेम दोन. तारा किंचित मंदही वाटतो. धूळ असणार. कोरड्या रानातून दिवसभर फुफाटा उडतो, आरशावर बोट फिरवलं की रेघ उमटते.

१३ डिसेंबर, शनिवार

आज तर ती मूळ जागेच्याही मागं गेली, दुसऱ्या बाजूला दोन अंश! म्हणजे डुलतंय. जोडपं फिरतंय. आता पौर्णिमा आडवी आलीय, चांदण्यात काही करता येणार नाही. चार-पाच दिवस कसे काढायचे?

१९ डिसेंबर, शुक्रवार

लॅबात दिवसभर कटकट. तोडून पडलेला ऊस फडात वाळत बसलाय, बैलांना चारा नाही म्हणून गाड्या येत नाहीत. आला तो ऊस शिळा. पोलारीमीटरवर आकडा रोज उतरतोय. तात्याराव कुणावर तरी ओरडत होते, "चार दीस रस ठेवला तर साखर फिरती रं! उजवीकडं दावायची ती डावीकडं दावाय लागती." हे काय आम्हाला माहीत नाही? साखरेच्या पाण्यातून गेला की एका दिशेचा प्रकाश वळतो, आणि साखर आंबली की वळण उलटं होतं. पहिल्याच सीझनला शिकलो. पण तात्यारावांना रोज एकदा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

मी मान डोलावली. डोकं ताऱ्यात होतं.

२२ डिसेंबर, सोमवार

पुन्हा दहा अंश! पुन्हा सोमवारी!

कागदावर टिंबं मांडली. वर उडी, मग घसरण, मग खाली. पुन्हा वर उडी. चांदण्यामुळं मधला एक फेरा हुकला, पण तो धरला तर हिशेब चोख बसतो. सात दिवस.

टिंबं पुन्हा मोजली. तीच.

२९ डिसेंबर, सोमवार

तिसऱ्यांदा. सात दिवस म्हणजे सात दिवस. सरांना आज सगळं लिहून पाठवलं. पोस्टात टाकताना पाकिटाला कपाळ लावलं. कुणी बघितलं नाही.

रात्री इरूला मांडीवर घेऊन ययाती दाखवला. तिनं बोट भलतीकडंच केलं. "अप्पा, तो?" "व्हय, तोच," म्हटलं. पार्वती म्हणाली, "कॉलेजात लागलाव तर आपन धाराशिवात ऱ्हायचं, न्हाय का? नळाचं पानी आसंल तिथं." नळाला तिथंही एक दिवसाआड येतं, पण मी हो म्हटलं. तिला आजवर मी फक्त घागरी दिल्या. नळ देता आला पाहिजे.

५ जानेवारी १९८७, सोमवार

चौथ्यांदा. माझा तारा घड्याळासारखा चालतो.

एक बारीक त्रास. नळीच्या टोपणाभोवती मुंग्या लागतात. आधी चार-दोन होत्या, आज ओळच्या ओळ शिडीवरून वर. दुष्काळात मुंग्यांना तरी पाणी कुठलं, बिचाऱ्या ओलाव्याला येत असतील. फिनेलचं फडकं फिरवलं. शिवाय यंत्राजवळ हल्ली आंबूस वास येतो, ताडीच्या दुकानासारखा. कारखान्याच्या मळीच्या टाकीवरून वारा असेल तर सगळ्या कॉलनीत येतो तसाच.

९ जानेवारी, शुक्रवार

सरांचं उत्तर आलं. इतकं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं. चर्चासत्रात मला वीस मिनिटं दिलीत, एकवीस तारखेला. मुंबईचे लोक येणार आहेत. पण शेवटी एक ओळ आहे: "ज्याच्या प्रकाशाची दिशा ठाऊक आहे आणि बदलत नाही असा दुसरा एखादा ध्रुवित तारा याच यंत्रातून पाहिलास का? पाहिला नसलास तर येण्याआधी पाहा."

नाही पाहिला. साधा तारा पाहिला, तो शून्य दाखवतो. पण त्याच्या प्रकाशाला मुळात दिशाच नाही, तर यंत्रानं ती फिरवली तरी कळणार कसं? सरांचं बरोबर आहे. मला राग आला, कारण बरोबर आहे.

११ जानेवारी, रविवार

काल आकाश निरभ्र होतं. दुसरा तारा पाहायला अर्धा तास पुरला असता. आरसा पुसत बसलो. पोलरॉइड पुसला. मग म्हटलं, आता उशीर झाला. आज चांदणं आहे.

चांदण्यामुळं पाहिला नाही असं आकड्यांच्या वहीत लिहिलंय. इथं खरं लिहितो. मला भीती वाटली.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

काल रात्री पट्टा पडला. शेवटची मोळी गव्हाणीत गेली, भोंगा वाजला, आणि चिमणीचा धूर सकाळपर्यंत विरून गेला. इतकी शांतता की कानात दडे बसल्यासारखं झालं. आजपासून मी बेकार. तात्याराव कायम आहेत, लॅबाची किल्ली त्यांच्याकडं.

पार्वती तिळगूळ करायला बसली तर घरात गुळाचा चुरा तेवढा निघाला. मी म्हटलं, "अगं, दिवाळीनंतर अख्खी ढेप आणली होती. या घरात गूळ जातो कुठं?"

पार्वती म्हणाली, "खानारी मानसं हायती घरात," आणि केशरबाईंकडून वाटीभर उसना आणायला गेली.

आता माझ्याजवळ तो तारा आहे आणि एकवीस तारीख आहे. बाकी काही नाही.

१८ जानेवारी, रविवार

रात्र झालीय. इरू झोपलीय. दोनदा उठून तिचा श्वास बघून आलो.

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी मी आतल्या खोलीत कागद लावत होतो. उद्याची रात्रीची एस.टी. होती. बाहेर टँकरचा भोंगा वाजला, पार्वतीचा घागरी घेऊन पळाल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो.

इरू माठाजवळ फतकल मारून बसली होती. नळी तिच्या दोन्ही हातांत. टोपण उघडं. ओठ टोपणाच्या भोकाला लावलेले आणि हनुवटीवरून पिवळं पाणी ओघळत होतं. माझ्याकडं बघून हसली. नळी जवळपास रिकामी होती.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. तिच्या घशात बोटं घातली. ती चावली. मिठाचं पाणी पाजायला गेलो, तिनं थुंकलं. उचललं आणि तसाच अनवाणी पळालो. धाराशिवचा दवाखाना, गाडी कुठली, कारखाना बंद, जीप नाही, रस्त्यावर काळं कुत्रं नाही. एक टँकर तेवढा उभा होता. ड्रायव्हरचा दंड धरून म्हटलं, चल, पोरगी विष प्यायलीय, चल. त्याच्या नळाखाली बायकांच्या घागरी भरत होत्या. कुणीतरी किंचाळलं. पाणी तसंच मातीत सांडत होतं आणि कुणी नळ बंद करत नव्हतं.

पार्वती रांगेतून आली. घागर खाली ठेवली, आपटली नाही, ठेवली. इरूचं तोंड हातात धरून वास घेतला.

"काय प्याली?"

"नळीतलं! नळीतलं पिवळं!"

"मंग काय न्हाय हुत." तिनं पोरीला माझ्याकडून घेतलं. "गुळाचं पानी हाय ते."

"काय?"

"गुळाचं पानी. म्याच भरलंय. आता बदलाया काढलं व्हतं, तेवढ्यात टँकर आला. तुमी शांत व्हा आदी."

मी खाली बसलो. टँकरच्या चाकाजवळ, चिखलात. सगळी रांग बघत होती. इरू ओठ चाटत होती. मला फक्त तिचे ओठ दिसत होते. खूप वेळ मी रडत होतो असं पार्वती नंतर म्हणाली, मला ते ठाऊक नाही. केशरबाईंनी माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. आज टँकरचं पाणी, आणि ते माझ्या डोक्यावर.

तारा आठवला तो घरी परतताना, चपला नाहीत म्हणून खडे टोचायला लागले तेव्हा.

संध्याकाळी विचारलं. ओरडलो नाही.

"कधीपासनं?"

"झबलं जाळलं त्येच्या फुडल्या रैवारी. टँकर आल्यावर." ती तांदूळ निवडत होती. "ते तुमचं जहर लांब नेऊन खड्डा करून पुरलं. नळी धुतली. एक घागर पानी गेलं धुवाया. मंग तेवढाच पिवळा रंग येस्तवर गूळ कालवला, फडक्यानं गाळला आन् भरला. पाच-सा दिसात ते आंबतंय, वास मारतंय, म्हनून दर टँकरला नवं करत व्हते."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? दोनदा सांगितलं व्हतं." मग मान वर करून म्हणाली, "आन् तुमचा तारा तर हलाय लागला व्हता. तुमी खुशीत व्हता. म्हनलं, पिवळं पायजे व्हतं, पिवळं हाय. काय बिगडलं?"

तिला सांगितलं. दर रविवारी ताजं गुळाचं पाणी, की सोमवारी दहा अंश. मग ते आंबत गेलं, साखर फिरली, की दिशा मागं. तारा नव्हे, टँकर. माझा सात दिवसांचा फेरा म्हणजे टँकरचा फेरा. मुंग्यांना कळलं, मला नाही.

तिच्या हातातलं सूप थांबलं. "म्हंजी म्या तुमचं समदं वाटोळं केलं?"

मान हलवून नाही म्हटलं. तिला ते दिसलं की नाही कुणास ठाऊक, ती डोळे पुसायला आत गेली.

१९ जानेवारी, सोमवार

तात्यारावांकडून लॅब उघडून घेतली. ढेपेतला उरलासुरला गूळ, पार्वतीनं सांगितला तेवढा, पाण्यात कालवला, गाळला आणि त्याच नळीतून पोलारीमीटरवर पाहिला. दहा अंशाला थोडा कमी. तात्यारावांनीही डोळा लावून खात्री केली. आधी ते पोट धरून हसले. "साखर कारखान्याचा केमिस्ट आन् घरातली साखर वळकंना!" मग मी इरूचं सांगितलं, तेव्हा त्यांचं हसू गेलं.

"किती होतं रं नळीत डायक्रोमेट?"

सांगितलं.

ते काचेची भांडी आवरत राहिले. "धाराशिवापतूर पोचली नसती पोरगी," एवढंच म्हणाले.

रात्रीच्या एस.टी.नं निघालो. पार्वतीनं दशम्या बांधून दिल्या आणि विचारलं, आता कशाला जाताव? म्हटलं, कागद परत घ्यायला.

२१ जानेवारी, बुधवार. औरंगाबाद

सरांना कालच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, नाव मागं घेऊ का? मी म्हटलं, नको. वीस मिनिटं दिलीत, तर मी उभा राहतो.

उभा राहिलो. आलेख दाखवला. पहिल्या रांगेतले मुंबईचे गृहस्थ पुढं झुकले. मग मी म्हटलं की हा बदल ताऱ्याचा नाही, गुळाचा आहे. क्षणभर कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. काय हसलो! टँकर सांगितला, मुंग्या सांगितल्या, संक्रांतीचा गूळ सांगितला. लोक डोळे पुसत होते.

शेवटी त्या मुंबईच्या गृहस्थांनी हसू आवरत विचारलं, "पण तुमच्या मिसेसनी असं का केलं? एकदा विचारायचं ना तुम्हाला!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं इरूची हनुवटी आली.

"विचारलं होतं, साहेब," मी म्हणालो. "दोनदा."

मी कागद गोळा केले. सर उठून आले आणि पुढच्या माणसाचं नाव त्यांनी पुकारलं.

बाहेर व्हरांड्यात सर म्हणाले, नोव्हेंबरचे आकडे खरे आहेत, तेव्हा नळीत डायक्रोमेट होतं. ते पाठव. तारा हलत नाही हेही कुणीतरी मोजून ठेवायला हवं. जूनच्या जागेबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

पहाटे घरी पोचलो. दार पार्वतीनं उघडलं. लॅबातल्या कपाटाचं एक कुलूप तात्यारावांनी मला दिलं होतं, ते पिशवीतून काढून तिच्या हातावर ठेवलं. डायक्रोमेटची बाटली अजून माझ्या ट्रंकेत होती. तिला हे माहीत नव्हतं, आता सांगितलं. उजाडल्यावर दोघं मिळून ती लॅबातल्या कपाटात ठेवून आलो, ते कुलूप तिनंच लावलं.

संध्याकाळी नळीशिवायच मोजलं. पार्वती आकडे लिहीत होती.

"हलला का?" तिनं विचारलं.

"न्हाय."

इरू दोघांच्या मध्ये घोंगडी पांघरून बसली होती आणि बोट भलतीकडंच दाखवत होती.